सिंधूताईसारखं लुगडं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. धाड गावात दर मंगळवारी दुपारी सिंधूताईच्या ओसरीवर चार बाया जमायच्या. चौघींच्या घरी एकेक म्हातारं माणूस होतं, आणि त्या म्हाताऱ्यांना घरचीच माणसं ओळखू येईनाशी झाली होती. गाव त्याला म्हातारचळ म्हणे. ओसरीवर मात्र कोणी कोणाला शहाणपण शिकवायचं नाही, नुसतं ऐकून घ्यायचं, रडू आलं तर रडायचं आणि चहा पिऊन घरी जायचं, असं ठरलं होतं.

पुष्पाबाईला या बैठकीचा मोठा आधार वाटे. पण एका मंगळवारी घरी कोणी नव्हतं म्हणून ती सासूला, गोजरबाईंना, सोबत घेऊन आली, आणि घोटाळा झाला. सिंधूताईला पाहताच म्हातारीचा चेहरा उजळला.

"कधी आली वं माय सासरहून? वाळून गेली पोरगी."

सिंधूताईने हसून चहाची बशी पुढे केली. घरी पुष्पाबाईच्या हातचा चहा थुंकून टाकणारी म्हातारी ती बशी मुकाट्याने प्याली. वेणी घालून घेतली. नखंसुद्धा कापू दिली.

"सहा वर्सं झाले, मी करून राह्यली," पुष्पाबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अन् लेक झाली सिंधू."

"मंग रोज तिच्याकडंच नेत जाय," भगवानराव म्हणाले.

त्यानंतर पुष्पाबाईला घास गोड लागेना. सिंधूताईत असं आहे तरी काय? लाल काठाचं हिरवं लुगडं आणि कपाळभर कुंकू. बाजाराच्या दिवशी तिने तसंच लुगडं घेतलं, आणि पुढच्या मंगळवारी ते नेसून, तेवढंच कुंकू लावून, सासूचा हात धरून ओसरीवर चढली.

गोजरबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते खाटेवर बसलेल्या उकंडरावांनी, सिंधूताईच्या सासऱ्यांनी. त्यांनी तिचा पदरच मुठीत धरला.

"ढवळ्या कुठी विकला?"

"मामाजी, मी सिंधू नाही."

"लुगडं तेच हाये. अन् खोटंबी तसंच बोलते."

बाकीच्या दोघी सोडवायला धावल्या. ओढाताणीत पदर टरकन फाटला. उकंडरावांनी उशाचा पाण्याचा तांब्या तिच्या डोक्यावर रिकामा केला आणि तिला बैलाला हाका मारायला लावलं. पुष्पाबाई ओलीचिंब होऊन अंगणाकडे तोंड करून "ढवळ्या, ढवळ्या" करत असताना सिंधूताई चुलीपासून धावत आली.

"मामाजी, बैल आला. गोठ्यात बांधला."

मूठ सुटली.

"रोज असंच असते का वं?" पुष्पाबाईने हळूच विचारलं.

"आज बरं हाये त्याईले."

एवढ्यात गोजरबाईंनी सिंधूताईला जवळ बसवलं. "माय, सून लय वंगाळ भेटली मले. दिवसभर डोकं खाते, मी तुमची सून, मी तुमची सून." मग त्यांनी पुष्पाबाईकडे बोट केलं. "पण भाकरी कराले हे बाई येते. लय जीव लावते. पाय चेपून देते. तिले एखांदं लुगडं घे. गरीब हाये, ओलंच नेसून बसली."

सिंधूताईने कोरडं फडकं पुष्पाबाईच्या हातात दिलं.

"नशीबवान हायेस," ती म्हणाली. "मले तर कोणी भाकरीवालीबी समजत नाही."

पुष्पाबाईने पदर पिळला, डोळे पुसले आणि सासूपुढे हात केला.

"चला मालकीणबाई, भाकरी टाकाच्या हायेत."

गोजरबाई लगेच उठल्या.