दुकानातली मिरवणूक

वांकिडीत आमच्या शेजारच्या गणपतकाकांच्या किराणा दुकानात डाव्या भिंतीपाशी कोणाला उभं राहता येत नसे. तराजूवरची नजर न काढता काका म्हणत, “सरका जरासे, हत्ती अडून राह्यला.”

हत्ती कॅलेंडरवरचा. जुन्या काळच्या कुण्या राजाची दसऱ्याची मिरवणूक. पुढे घोडे, मागे अंबारी, कडेला माणसांचे नुसते ठिपके. छापताना रंग सरकला होता, त्यामुळे राजाचं पागोटं एकीकडे आणि त्याचा लाल रंग दुसरीकडे. काका म्हणत, “राजा हाये, त्याले काय फरक पडते.”

दर दसऱ्याला ते नवी मिरवणूक लावत. आदिलाबादला कापूस घेऊन जाणाऱ्यांना सांगून ठेवत, “अडत्याकडून कॅलेंडर मांगून आना. देव नोको, मिरवणूक पायजे.” मग तारखा कापून चित्र तेवढं ठेवत.

एकदा माझ्या भावाने फार सुंदर चित्र आणलं. झुलीवरची नक्षीसुद्धा दिसत होती. काकांनी ते भिंतीला लावून पाहिलं आणि गुंडाळून पोत्यांमागे टाकलं.

“काऊन काका?” भावाने विचारलं.

“सोंड रस्त्याकडं हाये. हे तर घरातून निघून चालले. मले येनारी पायजे.”

“मंग उलटं टांगा.”

“राजा पडन ना बाबू.”

काकू दुकानामागच्या खोलीत खाटेवर असत. कमरेखालचं अंग गेलेलं. मी सहसा आत जात नसे, काय बोलावं सुचत नसे. त्या दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला गेले. खाटेशी बसले, तर उघड्या दारातून तीच भिंत दिसत होती. हत्ती आमच्याच दिशेने चालला होता. एवढ्यात मधे कुणाची तरी पाठ आली.

“सरका जरासे,” बाहेरून काकांचा आवाज आला.

काकू हसल्या. “रोज सकाळी विचारतेत, कुठवर आली वं मिरवणूक? मी म्हनते, आली, दारापर्यंत आली.”

पुढच्या थंडीत काकू गेल्या. तेरवीनंतर दुकान उघडलं. मी साखर आणायला गेले आणि सवयीने भिंतीपासून बाजूला झाले.

“राहू दे बाई, उभी राह्य तिथंच,” काका म्हणाले. “आता काई अडत नाई.”

मी भिंतीकडे पाहिलं. भावाने आणलेलं चित्र लावलं होतं. हत्तीची सोंड रस्त्याकडे होती.