गोदा साळुंकीचं अशक्य घर

बाळांनो, एका जंगलात एक जुना बेहडा होता आणि त्याच्या ढोलींत पाखरं सुखाने नांदत होती. दुसऱ्याचं सुख दरबाराला फार वेळ बघवत नाही, हे तुम्हाला मोठेपणी कळेलच.

दरबारात करकोचेसाहेब नावाचे विद्वान होते. ते एका पायावर उभं राहून विचार करत. दुसरा पाय कशासाठी वाचवत होते, कोण जाणे.

साहेबांनी सिंहमहाराजांना सांगितलं की अणूत इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येकाचा पत्ता चार क्वांटम अंकांचा असतो. कोणत्याही दोघांचे चारही अंक सारखे नसतात, म्हणून तिथे कधी भांडण होत नाही. महाराजांना अणू कळला नाही, पण भांडण नाही हे आवडलं. बेहड्याला हाच नियम लागू झाला.

पहिला अंक मजल्याचा, खालून मोजायचा. दुसरा फांदीला किती बाक आहेत त्याचा; सरळ फांदीला शून्य. तिसरा बाकाच्या दिशेचा, डावीकडे उणे, उजवीकडे अधिक. चौथा डोकं वर की खाली, एवढाच. दुसरा अंक पहिल्यापेक्षा लहानच हवा आणि तिसऱ्याने दुसऱ्याच्या पलीकडे जायचं नाही. ज्याचे अंक चुकतील त्याची ढोली चिखलाने लिंपायची. हे काम धनेश पक्ष्याकडे दिलं, कारण त्याला लिंपायची भारी हौस. स्वतःच्या बायकोला ढोलीत लिंपून ठेवणारा प्राणी तो.

सगळ्यात खालच्या मजल्यावर, एका बाकदार फांदीत, गोदा साळुंकी अंड्यांवर बसली होती. तिचा नवरा भिवा हिशेब करून आला आणि अंक सांगू लागला. पहिला अंक एक, दुसराही एक; दुसरा तर लहान हवा होता. भिवाने तिला हात जोडले. साहेब आले की फांदी सरळ आहे म्हण, असं तो विनवू लागला.

"वाकडी आहे ते आंधळ्यालाही दिसतंय," गोदा म्हणाली. "आणि मी अंडी सोडून कुठे जाणार नाही."

बोलली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चिखलाचा गोळा चोचीत धरलेला धनेश तिला ढोलीतून दिसत होता.

वरच्या दोन मजल्यांवर काय चाललं होतं ते आता ऐका. नवराबायको एकाच ढोलीत, म्हणजे पहिले तीन अंक सारखे. तेव्हा चौथा बदलायला नवऱ्यांना उलटं टांगलं. पिंगळा पहिल्याच झोपेत डोक्यावर आपटला. मग साहेबांना आठवलं की सारख्या ढोली आधी एकेकाने भरायच्या असतात, जोडी नंतर. त्यांनी बायका उजवीकडे पाठवल्या, नवरे डावीकडे, आणि अंडी मध्येच राहिली. महाराजांच्या मेहुण्याचे, घारोबांचे, अंक दोन-दोन निघाले. तेही अशक्यच. पण साहेबांनी त्यांच्या नखांकडे पाहिलं आणि तेवढ्या फांदीपुरता मजला तिसरा धरला. विद्वान असावा तर असा.

शेवटी साहेब गोदाच्या ढोलीपाशी आले.

"एक-एक," ते म्हणाले. "पहिला अंक एक असेल तर दुसरा शून्यच असतो. बाई, असं घर विश्वात असू शकत नाही."

"साहेब, मी आत बसलेय. चोच घालून बघा, अंडी ऊबदार आहेत."

"तुम्ही इथे नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

"मग मी आहे कुठे?"

"तो माझ्या खात्याचा प्रश्न नाही."

भिवाने डोळे मिटून घेतले. धनेश पुढे सरसावला. "साहेब, लिंपू का?"

साहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जी ढोली नाहीच, ती लिंपणार कशी? अडाणी कुठला." आणि ते पुढच्या फांदीकडे निघून गेले. धनेश बिचारा चिखल गिळून त्यांच्यामागे गेला.

गोदाला काही कळलं नाही. तिने फक्त पंख जरा पसरून अंडी नीट झाकली.

त्या वर्षी बेहड्यावर नियमात बसलेल्या सगळ्यांची अंडी गार पडली. इलेक्ट्रॉन अंडी घालत नाहीत, हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. एकेक करत पाखरं झाड सोडून गेली. साहेबांनी दरबारात कळवलं की बेहड्यावर आता अजिबात भांडण नाही. महाराजांनी त्यांना झाडाखालीच शाल घालून गौरवलं.

तेवढ्यात सगळ्यात खालच्या बाकदार फांदीतून गोदाची पिल्लं पहिल्यांदा बाहेर उडाली. त्यातलं एक साहेबांच्या बरोबर डोक्यावर शिटलं. सगळा दरबार वर बघू लागला. साहेबांनी मान वर केली नाही. एक-एकमधून काही पडू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाल मात्र त्यांनी हळूच डोक्यावरून ओढून घेतली.

तात्पर्य: नियमात नीट बसावं, असं गुरुजी तुम्हाला सांगतील. इलेक्ट्रॉन असाल तर जरूर बसा. पिल्लं वाढवायची असतील, तर साहेबांच्या मते जे घर असूच शकत नाही, तेच आधी बघून ठेवा.