शत्रूभावच्या टॅक्सीला तीट

शत्रुघ्न पालशेतकरची टॅक्सी म्हातारी झाली आहे, हे कुवेतमधल्या प्रवाशांना केव्हाच कळलं होतं. टॅक्सीखात्याला ते अठ्ठ्याण्णव साली कळलं.

"तुम गाडी शैबा," खिडकीमागचा कमाल म्हणाला. कमाल मिसरी, म्हणजे इजिप्तचा, होता आणि परवान्याच्या खिडकीवर बसून बसून हिंदी शिकला होता. "शैबा मालूम? बुढ्ढा. बुढ्ढा गाडी, लायसन माफी."

'माफी' म्हणजे तिकडे 'नाही'. शत्रुघ्नला हे ठाऊक होतं, तरी दरवेळी तो शब्द कानावर पडला की आपल्याला क्षमा केली गेली असं क्षणभर वाटून त्याला बरं वाटायचं.

नियम नवा होता. ठरावीक वयापलीकडच्या टॅक्सीला परवाना वाढवून मिळणार नव्हता. पण वय मोजायचं कुठून, हे नियमात नव्हतं. कमाल म्हणाला, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून. शेजारच्या खिडकीवाला म्हणाला, तिला टॅक्सीचा नारिंगी रंग चढला तेव्हापासून. तिसऱ्या खिडकीवाला जेवत होता. शत्रुघ्ननं दोन्ही हिशेबांनी मांडून पाहिलं. एका हिशेबानं गाडी बाद होती, दुसऱ्या हिशेबानं ती केव्हाच बाद झालेली होती.

"मग मी आतापर्यंत काय चालवत होतो?" त्यानं विचारलं.

"ओ हमको माफी मालूम," कमाल म्हणाला. मग त्याला शत्रुघ्नचा चेहरा बघवेना. "सुनो सदीक, दोस्त. एक कमिटी है. गाडी बहोत बहोत अच्छा, तो कमिटी देखेगा, एक साल देगा. लेकिन मुदीर अबू मिशाल, बडा साब, खुद देखता है. उसको आज तक कोई गाडी अच्छा नहीं लगा."

नुसती गाडी गेली असती तर शत्रुघ्ननं एखादा उसासा टाकून सोडून दिलं असतं. पण त्याचा इकामा, म्हणजे त्या देशात राहण्याची परवानगी, त्या टॅक्सीच्या परवान्यावर टांगलेला होता. त्याच्या कफीलानं, म्हणजे ज्याच्या जामिनावर तो तिथं राहत होता त्या कुवेती मालकानं, फोनवर सगळा कायदा एका दमात समजावून सांगितला होता, "गाडी खलास, तुम खलास."

त्या आठवड्यात त्यानं गावी फोन लावला. बायकोनं, शैलानं, सगळं ऐकून घेतलं.

"येऊ नका असं नाय म्हणत मी," ती म्हणाली, "पण आत्ता येऊ नका. पोरीची, स्वराची बारावी हाय. घरात टीव्ही बंद, पाव्हणे बंद."

"मी पाव्हणा?"

"दोन वर्षांनी महिनाभर येणाऱ्याला काय म्हणतात? आणि पुढं तिचं कॉलेज हाय. काय ते गाडीचं बघा."

जलीबमधल्या ज्या खोलीत शत्रुघ्न राहायचा, तिथं सहा खाटा होत्या. खोलीतले सगळे त्याला वयाचा मान राखून 'शत्रूभाव' म्हणत आणि त्यात कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. शेजारच्या खाटेवर हर्णैचा महबूब असायचा. तो अर्दियाच्या एका गॅरेजात डेंटर-पेंटर होता. जगातली प्रत्येक अडचण पत्र्याची असते आणि ती ठोकून, घासून, रंगवून सरळ करता येते, असा त्याचा विश्वास होता.

"आण गाडी," महबूब म्हणाला. "अशी करून देतो, की कमिटी सलाम ठोकील."

"इंजिनाचं काय?"

"कमिटी इंजिन बघते का रं? माणूस मुलगी बघायला जातो तेव्हा तिचं काळीज बघतो का?"

पुढचे सगळे शुक्रवार महबूब त्या गाडीला जुंपला गेला. जिथं पत्रा गंजानं खाल्लेला होता तिथं त्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, जिथं लांबी निघाली होती तिथं पुन्हा भरली. शेवटी गाडीत पत्र्यापेक्षा लांबी जास्त झाली. भंगारात निघालेल्या एका श्रीमंत गाडीच्या सीटा बसल्या, बंपर बसले. मग नारिंगी रंगाचे हात. गाडी गॅरेजाबाहेर आली तेव्हा शत्रुघ्न तिच्याजवळून पुढं निघून गेला आणि थोड्या अंतरावर जाऊन आपली गाडी शोधू लागला.

इथून घोटाळे सुरू झाले. खालच्या मल्याळी किराणावाल्यानं नव्या गाडीचे पेढे मागितले आणि ही जुनीच आहे म्हटल्यावर तो रागावला. चिक्कूपणाला पण हद्द असते, असं काहीतरी मल्याळीत बोलला. रस्त्यावर हात करून उभी राहिलेली गिऱ्हाईकं गाडी जवळ येताच हात खाली घेऊन डोकं खाजवत. एवढ्या चकचकीत टॅक्सीचं भाडं किती असेल, या विचारानं कुणी बसेना. शेवटी कफीलाचाच फोन आला. "नया गाडी किसने दिया तुमको?" जुनीच आहे हे त्याला पटेना. जुनी असल्यामुळंच शत्रुघ्न संकटात आहे, हे तो विसरला होता.

"शैले, लोक वळून वळून बघतात गं," शत्रुघ्न फोनवर म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा नव्हता.

"बघणारच. तीट लावलीत का?"

"कुणाला?"

"मला! अहो, गाडीला. एवढी नटवलीत आणि तशीच नेताय चार लोकांपुढं? दृष्ट लागली म्हंजे? काळी तीट लावा आणि मंगच न्या."

कमिटीच्या आदल्या संध्याकाळी शत्रुघ्न तव्याखालची काजळी खरवडत बसला. त्यात त्यानं खोबरेल मिसळलं. महबूब मान वाकडी करून बघत होता. त्याच्या रंगावर कुणी काळा ठिपका लावणार, हे त्याला सोसत नव्हतं. पण नजरेपुढं त्याचाही नाइलाज होता.

"आमच्यात पण लावतात," तो म्हणाला. "पण कपाळावर नाय. कानामागं."

"गाडीचा कान कुठं असतो?"

हा प्रश्न दोघांनाही आजवर पडला नव्हता. दोघं गाडीभोवती फिरले.

"हे दिवे म्हंजे डोळे," महबूब म्हणाला. "ही जाळी म्हंजे दात."

"मग कान दरवाजे."

"दरवाजे कसे? दरवाजे उघडले की ती उडेल काय? अरे, हे बाजूचे आरसे! बाहेर आलेले असतात ते कान."

मुद्दा बिनतोड होता. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशामागं तीट लावायची ठरली. शत्रुघ्न करंगळी बुडवणार तोच महबूबनं वाटी ओढून घेतली. रंगाचं काम दुसऱ्यानं करणं त्याला मान्य नव्हतं. त्यानं जी तीट काढली ती रुपयाएवढी, काठाला गोल आणि मधे फुगीर होती.

"एवढी मोठी?"

"एवढी मोठी गाडी."

दुसऱ्या दिवशी खात्याच्या आवारात कमिटी उन्हात उभी राहिली. कमिटीत तिघं होते. एक सभासद मेकॅनिक होता, एक सभासद नुसता सभासद होता आणि मधे मुदीर अबू मिशाल, पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे पायघोळ अरबी अंगरख्यात. दुभाषा म्हणून कमाल बाजूला होता. महबूब फाटकाबाहेर थांबला, कारण आपलं काम परीक्षकांपुढं जाताना त्याला बघवत नसे.

अबू मिशालनं गाडीला एक फेरी मारली आणि कमालला काही म्हटलं.

"मुदीर बोलता है, ये ओ गाडी नहीं. तुम जवान गाडी लाया."

"साब, वही है! नंबर देखो!"

चेसिस नंबर महबूबच्या रंगाखाली गाडला गेला होता. शत्रुघ्ननं किल्लीनं खरवडून खरवडून तो वर काढला. नंबर जुळला. मुदीरनं भुवया उंचावल्या. मेकॅनिकनं मग दिवे, वायपर, हॉर्न, पंखा, सगळं चालू करून पाहिलं आणि चालूच ठेवलं. मुदीर दुसरी फेरी मारत होता. फिरता फिरता त्यानं दारावरून हात फिरवला, पसंतीची मान हलवली, चक्क मान हलवली. तेवढ्यात मुदीर आरशाला टेकला.

बाही मागं घेतली तेव्हा तिच्यावर रुपयाएवढा काळा गोल होता.

"ऑइल लीक," कमालनं भाषांतर केलं.

मेकॅनिक धावला. आरशातून ऑइल गळणारी गाडी खात्याच्या इतिहासात पहिलीच होती. त्यानं आरसा खोलला, आत बोट घातलं, वास घेतला. वास खोबऱ्याचा आला. त्यानं आरसा नुसत्या सभासदाला दिला. नुसत्या सभासदानंही वास घेतला आणि दोघांनी शत्रुघ्नकडं पाहिलं.

"साब, ऑइल नहीं, ये..." शत्रुघ्नला 'तीट'ला हिंदी सापडेना, अरबी तर त्याहून नाही. "ये नजर के लिये. अच्छा चीज होता है ना, कोई देखता है, तो... आँख... ऐन! ऐन लगता है. नहीं लगना चाहिये. इसलिये काला."

कमालचा चेहरा उजळला. ऐन काय असते हे नाईलच्या काठालाही पक्कं ठाऊक होतं. त्यानं मनापासून, सविस्तर, स्वतःच्या मावशीचं उदाहरण घालून मुदीरला समजावलं. दृष्ट म्हणजे काय हे मुदीरलाही सांगावं लागणार नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर समजुतीचा प्रकाश पसरत गेला आणि पसरता पसरता मधेच थांबला.

त्यानं एकच प्रश्न विचारला. कमालनं तो जपून जपून भाषांतरित केला.

"मुदीर पूछता है, तुम ये आज लगाया?"

"हां साब. कल शाम को. आज के लिये."

"आज ये गाडी कौन देखता है?"

"कमिटी," शत्रुघ्न म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं.

वायपर तेवढे कोरड्या काचेवर कुरकुरत होते.

"मुदीर बोलता है," कमाल अगदी हळू म्हणाला, "उसका आँख खराब है? पूरा उमर गाडी देखा, लोगों का बच्चा देखा, घर देखा. उसका आँख खराब?"

"नहीं नहीं नहीं! आप का नहीं साब! दूसरे का!" शत्रुघ्ननं घाईनं नुसत्या सभासदाकडं बोट दाखवलं. त्यानं काही सुधारलं नाही.

अबू मिशालनं हात वर केला. तो गाडीसमोर जाऊन उभा राहिला. बॉनेटकडं डोळे वटारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माशाल्ला!" पुन्हा म्हणाला, "माशाल्ला!" कौतुकाच्या नजरेतलं विष या शब्दानं उतरतं. मग त्यानं शत्रुघ्नला खूण केली. अर्थ कमालनं सांगितला. "स्टार्ट मारो. आँख साफ है, तो गाडी चलेगा."

शत्रुघ्ननं आत बसून किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. आता टक्‌सुद्धा नाही. वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभे राहिले. मेकॅनिकनं मघापासून चालू ठेवलेल्या दिव्या-पंख्यांनी बॅटरीतला जीव काढून घेतला होता. त्या बॅटरीचं वय गाडीइतकंच होतं. महबूबनं तिला फक्त रंग दिला होता.

पण हे शत्रुघ्नला आत बसून कळलं. बाहेर जे उभे होते त्यांना एवढंच कळलं, की मुदीरनं गाडीकडं पाहिलं आणि गाडी मेली. नुसता सभासद एक पाऊल मागं सरला. त्यानं आपलं नवं घड्याळ बाहीत ओढून घेतलं. मेकॅनिकनं हळूच आपली मोटार कुठं लावली आहे ते पाहिलं. वरच्या खिडक्यांतून कारकून डोकावत होते आणि मुदीरनं मान वर करताच सगळ्या खिडक्या रिकाम्या झाल्या.

आता खरा अडकला तो अबू मिशाल. गाडी नापास केली, तर ती कशानं बंद पडली हे संध्याकाळपर्यंत प्रत्येक दिवाणखान्यात चहाबरोबर फिरणार होतं. त्यानं दिशदाशाच्या बाह्या दंडापर्यंत सारल्या.

"यल्ला!" तो ओरडला. "धक्का!"

हा शब्द त्याला हिंदीत येत होता. कुवेतमध्ये जुन्या गाड्या पुष्कळ होत्या.

कमिटी गाडीच्या मागं गेली. कमालही गेला. शत्रुघ्न खाली उतरू लागला, कारण मुदीर ढकलत असताना ड्रायव्हरनं बसावं की नाही याबद्दल त्याच्या मनात गोंधळ होता; पण मुदीरनं डोळ्यांनीच बस म्हटलं आणि तो त्या डोळ्यांना घाबरून पटकन बसला. गाडी हलली. आवाराच्या टोकापर्यंत गेली. शत्रुघ्ननं क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला, काळा धूर कमिटीवर सोडला आणि धडधडायला लागली.

"शुफ्त?" मुदीर धुरातून ओरडला. "शुफ्त?" म्हणजे, पाहिलंत ना? सगळ्यांनी पाहिल्याचं कबूल केलं.

पण त्याचं समाधान झालं नाही. रस्त्यावर चाचणी व्हायलाच हवी होती आणि ती त्यानंच करायला हवी होती. तो मागच्या सीटवर बसला. फाटकातून बाहेर पडताना महबूबनं पाहिलं, की त्याच्या रंगकामावर खूश होऊन खात्याचा मुदीर काळ्या तोंडानं टॅक्सीत फिरायला निघाला आहे. त्यानं सलाम ठोकला.

शत्रुघ्न श्वास रोखून चालवत होता. सिग्नलपाशी इंजिन घुटमळलं. आता मेलो, असं म्हणून त्यानं समोरच्या आरशात पाहिलं. मागच्या सीटवर अबू मिशाल ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ओठ पुटपुटत. डोळे त्यानं घट्ट मिटले होते. सिग्नल सुटेपर्यंत नाही, खात्याच्या दारात गाडी उभी राहून दार उघडलं जाईपर्यंत त्यानं ते उघडले नाहीत.

परवाना त्याच दुपारी मिळाला. कमालनं खिडकीतून बाहेर सरकवण्याआधी त्याच्यावरचा अरबी शेरा मोठ्यानं वाचून दाखवला.

"मुदीर ने खुद अपनी आँख से गाडी देखा, शुरू से आखिर तक. हालत बहोत बहोत अच्छा. एक साल."

शत्रुघ्ननं कागद दोन्ही हातांनी घेतला. पण जाता जाता त्याला विचारल्यावाचून राहवेना. "कमालभाई, अगले साल? अगले साल गाडी कब लाने का?"

कमालनं आजूबाजूला पाहिलं. तोंड जाळीजवळ आणलं.

"अगले साल," तो म्हणाला, "मुदीर का ऑर्डर है. सिर्फ कागज लाओ. गाडी माफी."