अंगठ्याखालचं वचन

आमच्या शेजारचे याकोबनाना वर्षभर बायबलमधलं एकच वचन पाळतात, पण असं पाळतात की दमून शेजाऱ्यांना बसावं लागतं.

त्यांच्या मंडळीत एक रीत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उपासना झाली की वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. ज्याने त्याने एक उचलायची, घरी नेऊन भिंतीवर म्हणा, कपाटावर म्हणा, चिकटवायची आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विसरायची. बाकीची मंडळी तसंच करतात. नानांची गोष्ट वेगळी. उभी हयात दीपनगरच्या वीज केंद्रात गेलेली. तिथे वरून हुकूम आला की तो पाळायचा, प्रश्न विचारायचे ते पाळी संपल्यावर. चिठ्ठीतल्या वचनालाही ते असाच हुकूम समजतात. "लोड घ्यावा लागतो, भाऊ," असं म्हणतात आणि लोड आमच्यावर टाकतात.

बायको वारल्यावर नाना एरंडोलला आमच्या शेजारी राहायला आले. त्या वर्षी त्यांना उद्याची चिंता करू नका, असं वचन निघालं होतं. नानांनी पाणी साठवणं बंद केलं. आमच्याकडे नळ कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. तिसऱ्या दिवशी नाना बादली घेऊन दारात.

मी म्हटलं, "नाना, उद्याची चिंता करायची नाही ना?"

"उद्याची नाही. आंघोळ आजची आहे."

तेव्हापासून मी दोन ड्रम भरू लागलो. एक आमच्यासाठी, एक नानांच्या श्रद्धेसाठी.

पुढच्या वर्षी वचन निघालं, कोणाचा न्याय करू नका. त्या हिवाळ्यात आमच्या भरितात मीठ इतकं पडलं होतं की वांग्यानेही माघार घेतली असती. बायकोने कौतुकाने विचारलं, "नाना, कसं झालंय?" नाना दोन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी न्याय करणारा कोण, वहिनी?" मला हे उत्तर फारच आवडलं. चार दिवसांनी बायकोने नवी साडी नेसून "कशी दिसते?" असं विचारलं, तेव्हा मी तेच वापरून पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस मी नानांकडे जेवत होतो.

यंदाच्या एक जानेवारीला माझा संकल्प काहीही न करण्याचा होता. मी निवृत्त झालो, त्याच्या आधी माझे गुडघे निवृत्त झाले. माझ्या वयाला नवं वर्ष म्हणजे नव्या कॅलेंडरखाली टांगलेलं जुनंच दुखणं. अशा सकाळी नाना ताट घेऊन आले.

"नाना, मी तुमच्या मंडळीतला नाही."

"वचन कुठे विचारतं? उचला."

ताटातल्या एका चिठ्ठीवर त्यांनी अंगठा ठेवला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून असेल. मी हात पुढे केला तसा अंगठा उठला, आणि वर आलेली चिठ्ठी मी आळशीपणाने घेतली. त्यात होतं की कोणी तुला जबरदस्तीने एक कोस चालायला लावलं, तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. मी गुडघ्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नानांनी स्वतःची चिठ्ठी दाखवली नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांची पेटी बंद झाली. नाना मंडळीत पेटी वाजवतात. दुसरं कोणी वाजवणारं नाही. घरी सराव पहाटे, आमच्या खिडकीला चिकटून. मी वर्षानुवर्षं त्याबद्दल कुरकुर केली होती, म्हणून पहिला आठवडा अगदी सुखात झोपलो. दुसऱ्या आठवड्यात त्याच वेळी आपोआप जाग येऊ लागली आणि पडल्या पडल्या कान भिंतीला लागू लागले. झोपेचंही खोबरं आणि पेटीचंही. रविवारी मंडळी नुसत्या टाळ्यांवर गाते आणि वरच्या पट्टीत चढलेली खाली उतरत नाही, असं कळलं. शेवटी मी विचारलं.

नाना म्हणाले, "वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी भावाशी समेट कर. माझ्याकडे अर्पण म्हणजे पेटीच. आधी दाऊदआबा, मग पेटी."

दाऊदआबा म्हणजे पिंपळनेरला राहणारे त्यांचे थोरले भाऊ. ते आहेत, हेच मला तेव्हा कळलं.

"मग जाऊन या की."

"जायचं आहे," नाना म्हणाले, आणि जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. उन्हं तापू लागली, ईस्टर जवळ आला, आणि पेटीवरचं कापड काही हललं नाही. एका सकाळी मीच वैतागून म्हणालो, "चला नाना, स्टँडपर्यंत सोडतो तुम्हाला."

माणसाने वैतागात तोंड उघडू नये. नाना पिशवी भरूनच बसले होते.

स्टँडवर ते म्हणाले, "तुमचं वचन काय, भाऊ?"

"झाला ना एक कोस. परत घरी गेलो की दोन."

"एरंडोल ते धुळे एक. धुळे ते पिंपळनेर दुसरा."

"नाना, कोस म्हणजे फार तर तीन किलोमीटर!"

"ते कोस रोमी शिपाई चालायला लावायचे. त्यांचे पाय लांब."

एसटीत बसल्यावर हाडं वेगवेगळी वाजू लागली. धुळ्याला गाडी बदलली. साक्रीच्या स्टँडवर गाडी थांबली, तसे नाना खाली उतरले आणि एसटीकडे पाठ करून भज्यांच्या गाडीसमोर उभे राहिले. कंडक्टरने घंटी मारली. मी ओरडलो. नाना हलले नाहीत. गाडी निघाली. म्हणजे मलाही उडी मारूनच उतरावं लागलं, आणि उडी हा शब्दही गुडघ्यांच्या मानाने मोठाच.

"युनिट ट्रिप झालं, बंद पडलं," नाना म्हणाले.

पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही भजी खाल्ली. तिथे ते बोलले. आई गेली तेव्हा केंद्रातलं युनिट बंद पडलं होतं, सुट्टी मिळाली नाही. पोहोचले तोवर माती देऊन झालेली. दारात दाऊदआबा म्हणाले, "या, पाहुणे." आणि कोणाला तरी सांगून ताटलीत पेला ठेवून पाणी आणवलं.

"शिवी दिली असती तर चाललं असतं, भाऊ. माझ्या आईच्या घरात मला पाहुण्यासारखं ताटलीतून पाणी. तो पेला तसाच ठेवून निघालो."

"त्यानंतर गेलाच नाहीत?"

"दोनदा निघालो. दोन्ही वेळा इथूनच परतलो. याच गाडीची भजी खाऊन." त्यांनी कागद चुरगळला. "म्हणून यंदा तुमची चिठ्ठी वर ठेवली होती. एकट्याला पुढची गाडी मिळत नाही."

मला तो अंगठा आठवला. चांगलं वर्मी लागेल असं काही बोलायचं होतं, पण तोंडात भजं होतं.

पिंपळनेरला उतरून नाना पुढे चालले आणि गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली थांबले. "ते अंगण," एवढंच म्हणाले. अंगणात खाटेवर एक म्हातारबाबा बसले होते. आता हे युनिट पुन्हा बंद पडणार, हे मी ओळखलं. शिवाय उन्हात उभं राहायचं त्राण नव्हतं. मी तडक गेलो, खाटेपाशी हात जोडले आणि नानांच्या वतीने माफी मागितली. आईचं, पाळीचं, पेल्याचं, पेटीचं, सगळं सांगितलं. आवाजही थोडा भरून आला. बाबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माफ कयं, भाऊ. पन तुम्ही कोन शेतस?"

मी शेजारच्या अंगणात शिरलो होतो.

कुंपणापलीकडे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ कांदे निवडता निवडता थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले, माझ्या डोक्यावरून कडुनिंबाकडे पाहिलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "याकू! माफी मांगाले भाडाना माणूस लई उना का रे?" भाड्याने आणलेला माणूस म्हणजे मी.

नाना झाडामागून बाहेर आले. दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले. वचनात यापुढचं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे नानांना काय करावं ते सुचेना.

"घरमा ये," दाऊदआबा म्हणाले.

ओसरीवर त्यांनी मला खुर्ची दिली. सून पाणी घेऊन आली, ताटलीत पेला ठेवून. एकच पेला. "घ्या, पाहुणे," आबा मला म्हणाले. नाना खांबाला टेकून उभे होते, नजर त्या ताटलीवर. मी पेला तोंडाला लावू की त्यांच्यापुढे धरू, या घोळात होतो.

सून दुसऱ्या पेल्यासाठी वळली, तशी आबांनी तिला हाताने थांबवलं.

"त्याले काय द्यायचं? माठ जथा व्हता तथाच शे. ली घे म्हना."

नाना चपला काढून आत गेले. त्या अंधाऱ्या घरात त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. ओगराळं माठाच्या काठाला लागल्याचा आवाज आला. तरी नाना बाहेर येईनात.

आबा पुन्हा कांदे निवडू लागले. चांगले आणि सडके एकाच टोपलीत पडत होते.

"बठ्ठा माठ पी जाशी का रे?" त्यांनी न वळता विचारलं.

आत ओगराळं पुन्हा काठाला लागलं. आम्हा दोघांनाही आत डोकावायची घाई नव्हती.