खास मीठ

"दुरुस्ती होईल ना?" घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या घड्याळजींनी बायकोचा रिपोर्ट बघून विचारलं.

"मूत्रपिंडं दुरुस्त होत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलीत तेवढी जपायची. मिठानं अंगात पाणी साचतं, रक्तदाब चढतो आणि त्या दाबानं मूत्रपिंडं आणखी झिजतात. मीठ अगदी नावाला."

बायकोला ओट्याशी उभं राहवेना, म्हणून स्वयंपाक घड्याळजींकडे आला. ताट समोर आलं की ती म्हणायची, "भूक नाही हो." महिन्याभरात ती चार किलो उतरली.

अशात दुकानात त्यांना एक पुडा दिसला : 'रक्तदाब असणाऱ्यांसाठी खास मीठ.' घड्याळजींना आभाळ ठेंगणं झालं. बायको पडली शिस्तीची, म्हणून तिला न सांगताच त्यांनी ते भाजीत घातलं. तिनं चक्क दुसऱ्यांदा भाजी मागितली.

"आज काय केलंत?"

"हात बसला," घड्याळजी म्हणाले.

पुढच्या तपासणीत तिचं पोटॅशियम वाढलेलं निघालं. "केळी खाता? फळांचा रस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ती नाही म्हणाली. घड्याळजींनी मात्र घरी येऊन तिचं कपाट, उशी, शिवणाचा डबासुद्धा उचकला.

"या वयात चोरून केळी खातेस?"

ती रडली. फळं बंद झाली, जेवण आणखी कमी झालं. तिला चव यावी म्हणून घड्याळजींनी खास मीठ चमचाभर वाढवलं.

चौथ्या दिवशी तिच्या पायांतलं बळ गेलं आणि नाडी अडखळू लागली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकाची खोदून चौकशी केली, तेव्हा घड्याळजींनी घरून पुडा आणला. खिशातलं भिंग डोळ्याला लावून पहिल्यांदाच त्याची मागची बाजू वाचली : 'पोटॅशियम क्लोराइड. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वापरू नये.'

"धडधाकट मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतात," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "यांची नाही टाकू शकत."

पोटॅशियम उतरलं, पण मूत्रपिंडं आणखी थकली होती. आता डायलिसिस लागणार होतं. खाटेशी बसून घड्याळजींनी सगळं कबूल केलं. "तू जेवत नव्हतीस गं. मिठावाचून घास उतरत नाही, असं वाटलं मला."

बायको म्हणाली, "मिठाचं काही नव्हतं. तुम्ही भाजी करपवत होतात. मी दुसऱ्यांदा मागितली, त्या दिवशी तेवढी करपली नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या मायेनं वाढत होतात. कसं बोलणार?"

घरी आल्यावर तिनं ओट्याशेजारी खुर्ची मागवली. घड्याळजी कढईपुढे उभे राहिले. लसूण टाकला आणि लगेच भाजी ओतायला निघाले.

"थांबा, लाल होऊ दे," ती म्हणाली. "घाई कसली? मी आहे अजून."

घड्याळजींनी गॅस बारीक केला आणि तिच्याकडे न बघता लसूण हलवत राहिले.