सूचक किसनआबा

किसनआबांच्या घरी ठराव मांडल्याशिवाय चहा होत नसे. सकाळी ओट्यावर बसून आबा घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "चहा करावा, असा ठराव. सूचक मी." आतून त्यांच्या बायकोचा, कौसाबाईंचा आवाज यायचा, "अनुमोदक मी. आता दूध आणा." मग आबा तांब्या उचलायचे. मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि त्या मंजूर चहाचा लाभही दोनदा घेतलाय.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. गावात एक सहकारी पाणी संस्था आहे आणि मी तिचा सेक्रेटरी. सभासदांनी मिळून एक विहीर खोदली, विहिरीसाठी संस्था काढली आणि संस्थेसाठी पोटनियम आले. त्यांचं छापील पुस्तक गावात पोचलं, तेव्हा अर्ध्या गावाला ते पथ्यपाण्याचं पुस्तक वाटलं. पोटनियम म्हणजे पोटाचे नियम! एका म्हातारीनं त्यात मूळव्याधीवर काय दिलंय ते मला विचारलं. मी म्हणालो, बघून सांगतो. कारण पुस्तक मीही वाचलेलं नव्हतं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा गावात एकच माणूस निघाला, किसनआबा.

तिथून आमच्या कानाला 'हरकत!' हा शब्द चिकटला. केजच्या जीपमध्ये माणसं कोंबून झाली की ड्रायव्हर विचारायचा, "अजून दोघं घेऊ का?" गाडी एकदाची सुटावी म्हणून आतले सगळे म्हणायचे, घ्या. आबा बोट वर करायचे. "हरकत! मागं लटकलेल्याला इचारलं का?" चौसाळ्याला पुतण्याच्या लग्नात भटजींनी पाच मंगलाष्टकं सांगून सात म्हटली, तर आबा जास्तीच्या दोन मंगलाष्टकांना मंजुरी कुणी दिली ते विचारत मांडवभर फिरले. लोक म्हणायचे, आबाचा स्क्रू ढिला आहे. मीही म्हणायचो. सभेचं इतिवृत्त लिहिताना आबांच्या हरकतींनी माझी बोटं दुखायची, त्यामुळे माझा त्यांच्यावर थोडा रागच होता.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी कौसाबाई गेल्या. मी तेराव्याला जेवून आलो आणि पुन्हा त्या ओट्याकडे फिरकलो नाही.

मग ते वर्ष आलं. निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर गेलं. मागे राहिली म्हातारी माणसं. विहिरीनं तळ दाखवला, दर सभासदाच्या घरी चार घागरींच्या तीन झाल्या. तेव्हा चेअरमन उत्तमरावांनी शाळेच्या पटांगणात सभा बोलावली आणि ठराव मांडला: जे गावात नाहीत त्यांचं पाणी बंद करावं, जे आहेत त्यांना वाढवावं.

खांबाला टेकून सोनाबाई बसली होती. तिचा मुलगा सभासद, पण तो आणि सून तिकडे उसाच्या फडात. इकडे ती आणि एक शेळी. गुडघे गेलेले, त्यामुळे दुसरीकडून पाणी आणायची सोय नाही. शेजारी रिकामी घागर.

"मंजूर असंल त्यांनी हात वर करा," उत्तमराव म्हणाले. सगळे हात वर गेले. खोटं कशाला सांगू, माझाही गेला. माझ्या घरी सहा माणसं होती. सोनाबाईनं घागर फक्त जवळ ओढली.

"हरकत!"

"आबा, बसा खाली," उत्तमराव वैतागले. "सगळं गाव एकीकडं हाय. बहुमत म्हंजे बहुमत."

"हात किती हायेत ते मला नगा सांगू. पुस्तक काय म्हणतंय?"

"पुस्तक काय पाणी देतंय व्हय?"

लोक हसले. आबाही हसले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ते म्हणाले, "बरं, बहुमत तर बहुमत. मग माझाबी एक ठराव घ्या. चेअरमन उत्तमरावांच्या घरचं पाणी बंद करावं आन् ते समद्यांत वाटावं. सूचक मी. मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

आधी दोन हात वर गेले, हसत हसत. मग पाच. मग लोकांनी मनातल्या मनात घागरी मोजल्या असाव्यात, कारण हसणं थांबलं आणि हात वाढत गेले. उत्तमरावांच्या सख्ख्या चुलतभावानंही हात वर केला. उत्तमरावांनी एकदा सगळीकडे पाहिलं.

"आसं कसं? आसं कसं बे?" ते उठून उभे राहिले. "नियम हाय का न्हाई काई? सेक्रेटरी, पुस्तक काढा!"

"पोटनियम एकोणीस," आबा शांतपणे म्हणाले.

मी पुस्तक काढलं आणि जन्मात पहिल्यांदा ते पान वाचलं. सभासद गैरहजर असला तरी त्याच्या वाटणीचं पाणी बंद करण्याचा अधिकार सभेस नाही.

"मग नियमच बदलू," मागून कोणीतरी म्हणालं.

"बदला की. पर त्येची नोटीस समद्यांना द्यावी लागती. फडावरल्यांनाबी. त्येंना येऊ द्या, मग करा हात वर."

नियम बदलला नाही. सर्वांत आधी एकोणीसच्या बाजूनं बोलले ते उत्तमराव. तीन घागरी सगळ्यांना, हजर आणि गैरहजर. सोनाबाई उठली तेव्हा माझ्याच छातीवरचा धोंडा उतरला. माझा हात वर गेला होता आणि तरीही वाईट झालं नाही, याचं मला इतकं हायसं वाटलं की मी आबांच्या मागोमाग त्यांच्या ओट्यापर्यंत गेलो.

घरात चूल थंड होती. चुलीजवळ चहाचं पातेलं उपडं, त्यावर धुळीचा थर.

"आबा, चहा कुठं घेता मग?"

"स्टँडवरल्या हाटेलात. तिथं ठराव लागत न्हाई." आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "हितं सूचक हाय. अनुमोदक न्हाई. एकट्याचा ठराव कसा पास व्हायचा, सेक्रेटरी? पुस्तकात बसत न्हाई."

वर्षभर हा माणूस इथं एकटा बसला होता आणि माझं घर चार घरं सोडून होतं. मला लाज वाटली.

"मांडा की ठराव," मी म्हणालो.

"कावून? कशापायी?"

"मांडा तर खरं."

आबांनी घसा खाकरला. सवयीनं तोंड आतल्या खोलीकडे गेलं, ते त्यांनी माझ्याकडे वळवलं. "चहा करावा, असा ठराव. सूचक मी."

मी हात वर केला.

"अनुमोदक मी. आता दूध आणा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "अनुमोदनाला हात लागत न्हाई बे," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. मग तांब्या उचलून पायरी उतरले आणि सोनाबाईच्या शेळीकडे निघाले.