उजव्या दाढेची चूक

"डॉक्टर, आत्ता लहान मूल कुठलं येऊन गेलं?" नर्सबाईंनी विचारलं, तसे डॉक्टर हात पुसता पुसता वळले. बाईंच्या हातातल्या कागदावर पोरांच्या दुधाच्या दातांत भरायचं साधं सिमेंट वाळत होतं. पोर एकही आलं नव्हतं. खुर्चीवरून नुकत्याच उठून गेल्या होत्या त्या डॉक्टरांच्या सासूबाई.

त्यांच्या दोन दाढा भरायच्या होत्या. डावी ठरल्याप्रमाणे महागड्या, चकचकीत मसाल्याने भरून झाली. उजवीच्या वेळी मात्र सासूबाई तोंड उघडं ठेवूनही सूचना देत राहिल्या. जावईबापूंची भंबेरी उडाली आणि सकाळपासून अकरा पोरांचे दात भरलेल्या हातांनी सवयीने तेच कालवलं. वर महागडा मसाला कडक करायचा निळा दिवाही मारला. त्या सिमेंटला त्याची काडीची गरज नव्हती.

"अहो, हे झिजतं लवकर!" डॉक्टर कुजबुजले.

"मग परत बोलवा त्यांना."

"काय सांगून?"

तोवर सासूबाईंनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, की जावयाने दोन्हीकडे एक नंबर माल घातलाय. बायकोने कधी नव्हे ते कौतुकाने पाहिलं. आता खरं सांगणार कसं? तपासणी वर्षभर लांबली. कधी एक्स-रेचं मशीन बिघडलं, कधी डॉक्टरांची कंबर.

शेवटी सासूबाई न कळवताच खुर्चीत येऊन बसल्या. एक्स-रे पाहून डॉक्टर हबकलेच. दाढा भरल्या तेव्हा दोन्हीकडच्या शेजारच्या दातांवर किडीचा नुसता डाग होता. डावीकडे आता चांगला खड्डा पडला होता. उजवीकडचा डाग जिथल्या तिथे!

"तोंड का उतरलं? खरं काय ते सांगा."

"उजवीकडे... पोरांचं सिमेंट गेलं. चुकून. सकाळी अकरा पोरं झाली होती, हात त्याच वळणावर होता." डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. "त्यातून फ्लोराइड पाझरतं. शेजारच्या दातालाही मिळतं. बहुतेक त्यानेच कीड थांबली."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे भारी माल. त्यातून काहीच पाझरत नाही."

सासूबाईंनी शांतपणे चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि मान पुन्हा मागे टेकवली.

"नर्सबाई, बाहेर कुणाची पोरं बसली असतील तर आधी ती आत घ्या," त्या म्हणाल्या. "मग यांना माझ्या डावीकडे वळू दे."